आठच्या आत

पहाटे 4:30. चावीवाल्याने झडप उघडली की गल्लीत पाणी सुटतं. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरलेल्या वेळेपुरतंच येतं, आणि गळती ऐकायची तर वाहिनीत दाब हवा, रस्त्यावर शांतता हवी. मुकादम लोखंडी सळई रस्त्यावर टेकवतो, दुसरं टोक कानाला लावतो, चार पावलं सरकतो. ‘इथंच.’ खडूची फुली. यंत्रही आहे आमच्याकडे, पण बसगाड्या सुरू झाल्या की तेही बहिरं.

5:00. डांबर ब्रेकरने फोडलं. पुढे फावडं, कारण विजेची केबल कुठून गेली असेल याचा नेम नाही.

6:45. पाइप दिसला. बिडाचा, सहा इंची, आडवी चीर, तिच्यातून फवारा. वरून सल्ले येतात, ‘अहो, पाणी बंद करा ना सरळ!’ पाइप पुरता फुटला असता तर केलंही असतं. पण शेजारी गटार झिरपतंय. पाइप रिकामा झाला की हीच चीर बाहेरचं पाणी आत ओढणार, आणि उद्या अख्खी चाळ दवाखान्यात. आठला पाणी जाणारच आहे. चीर त्याआधी बुजायला हवी. म्हणून झडप फेरे मोजत आवळली, फवारा मंदावेपर्यंतच. पाणी बाहेर येतंय तोवर घाण आत जात नाही. पाइपाखाली वीतभर जास्त खोदून पंपाने उपसा चालू.

गंज खरवडला. क्लॅम्प आधी चिरेच्या बाजूला गुंडाळायचा, मग सरकवून वर आणायचा. बोल्ट आलटून पालटून आवळायचे. एकाच बाजूने ओढला तर आतलं रबर मुडपतं, आणि बीड ठिसूळ, जोर जास्त झाला की नवी चीर. हे सगळं तोंडावर पाणी उडत असताना.

7:40. झडप पुन्हा पूर्ण उघडली. क्लॅम्प कोरडा. ‘आज धार बारीक होती हो,’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या. एवढीच तक्रार आली तर काम झक्कास झालं म्हणायचं. आठ वाजायच्या आत त्यांच्याच नळाचा नमुना घेतला. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर तो पिवळा झाला, म्हणजे क्लोरीन आहे.

दुपारी खड्डा भरला, थराथराने ठोकून.

4:00. कचेरी. तानसासारख्या तलावांकडून येणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना बऱ्याचदा ही चालू पाण्यात क्लॅम्प बसवायची युक्ती पुरत नाही. वर्तमानपत्रात पाणी बंदची सूचना येते ती त्यांच्यासाठी. खडकातून खोल जलबोगदे काढणं हा त्यावरचा खरा उपाय, आणि मुंबईत ते काढलेही जाताहेत. आमच्या टेबलावर मात्र उद्याची तक्रार: पलीकडच्या गल्लीत पाणी रात्री 10 ला सुटतं. म्हणजे उद्याची झोप दुपारीच काढायची.