घरचा संगणक : लेखांक ११ – उन्हाळ्यात रखडणारा प्रोसेसर

इंटेल घ्यावा की एएमडी, हा आजचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण म्हसावदच्या एका वाचकांचा प्रश्न त्याच्या आधी सुटायला हवा. त्यांच्याकडे चौथ्या पिढीचा आय-थ्री ४१३० आहे. होळीपर्यंत तो बरा चालतो, एप्रिल-मेमध्ये मात्र भर दुपारी रखडतो. प्रोसेसर बदलायची वेळ आली का? माझ्या मते नाही. वय झालं म्हणून प्रोसेसरची गती कमी होत नाही. वाढतो तो त्याच्यावरचा कामाचा बोजा. आणि बोजा तोच असताना ऋतूप्रमाणे वेग बदलत असेल, तर संशय आधी उष्णतेवर घ्यायला हवा.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंक आणि पंखा मिळून खोलीतल्या हवेत सोडतात. त्यामुळे ठरावीक कामासाठी प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच जास्त तापतो. हीटसिंक धुळीने बुजला असेल, थर्मल पेस्ट वाळली असेल आणि हा फरक ५५ अंशांवर गेला असेल, असं धरू. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ७७ वर राहील आणि कुणाला काही जाणवणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ वर गेली की तोच प्रोसेसर ९७ वर पोचेल. शंभरीच्या आसपास तो जळू नये म्हणून स्वतःच गती उतरवतो. साफसफाई करून, नवी पेस्ट लावून फरक ३५ वर आणला, तर त्याच मे महिन्यात तो ७७ वरच थांबेल. हे पडताळून पाहता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा आणि मोठं काम चालू असताना ‘स्पीड’चा आकडा पाहा. या प्रोसेसरचा मूळ वेग ३.४ गीगाहर्ट्झ आहे. ऐन कामात तो दीड-दोनवर घसरत असेल, तर आधी हीटसिंक उघडून साफ करा. काम नसताना आकडा खाली दिसतो, ती विजेची बचत असते. तो हिशेबात धरू नये.

यावर कुणी म्हणेल, प्रोसेसर बदलल्यावर मशीन सुधारलेलं आम्ही पाहिलं आहे. सुधारेलच, नव्या प्रोसेसरबरोबर नवी पेस्ट लागते आणि बहुधा पंखाही नवा येतो, पण श्रेय एकट्या प्रोसेसरला मिळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : थंडीतही मशीन रखडत असेल तर? तेव्हा डिस्क आणि मेमरी पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. दोन्ही निवांत आणि सीपीयू २५ टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर फसू नका. आय-थ्री ४१३० मध्ये चार लॉजिकल प्रोसेसर दिसतात. एकाच धाग्यावर चालणारा प्रोग्रॅम त्यांतला एक पूर्ण भरतो आणि सरासरी २५ दाखवते. गती पूर्ण असूनही असं होत असेल, तर प्रोसेसर खरोखर अपुरा आहे.

तिसरा आक्षेप विंडोजचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हे कारण खरं आहे, पण तो प्रोसेसर चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर बसत नाही. बोर्ड आणि बहुधा रॅमही बदलावी लागते. म्हणजे तो खर्च जवळपास नव्या मशीनचाच आहे आणि तसाच धरून ठरवावा.

तेव्हा पैसे काढण्याआधी एकच करा : तेच काम सकाळी सहाला आणि दुपारी तीनला चालवून ‘स्पीड’चे दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन्ही वेळा गती पूर्ण आणि काम तरीही अडलेलं, अशी नोंद हातात असेल, तरच दुकानाची पायरी चढा.