अति उंचीवर मेंदूला येणारी सूज : ओळख व उपचार

प्रस्तावना : बारामती व इंदापूर ही पुणे जिल्ह्यातील शहरे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहूनही कमी उंचीवर आहेत. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरांचे असल्याने सह्याद्रीतील भटकंतीने येथील विद्यार्थ्यास विरळ हवेचा सराव होत नाही. सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेह येथे विमानाने पोहोचताच त्याला समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. म्हणूनच सहलीस जाणाऱ्या प्राध्यापकांना या विकाराची माहिती असणे आवश्यक ठरते.

स्वरूप : १९६२ च्या युद्धात मैदानी भागातील जवानांना वेगाने हिमालयात हलवावे लागले. त्यानंतर १९२५ भारतीय जवानांवरील इंदर सिंग व सहकाऱ्यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला व हा विकार जगाच्या ध्यानात आला. प्राणवायूच्या कमतरतेमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो व मेंदूला सूज येते. कवटी ताणली जात नसल्याने आतील दाब वाढतो. उत्तम शरीरप्रकृती असणाऱ्यासही यातून सूट नाही.

लक्षणे : डोकेदुखी, मळमळ, थकवा व चक्कर ही पूर्वसूचना होय. त्यानंतर तोल जाणे, असंबद्ध बोलणे, विचित्र वागणे किंवा गुंगी येणे ही मेंदूच्या सुजेची चिन्हे होत. टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता न येणे ही सोपी कसोटी आहे. अशा विद्यार्थ्यास 'दमला आहे, झोपू द्या' म्हणून तंबूत एकटे सोडणे प्राणघातक ठरू शकते. काही तासांतच तो बेशुद्ध होऊ शकतो.

उपचार : रुग्णास सोबत देऊन तत्काळ, रात्र असली तरी, खाली उतरविणे हाच मुख्य उपचार होय. लक्षणे ओसरेपर्यंत, साधारणतः ३०० ते १००० मीटर, उतरावे. प्राणवायू द्यावा. प्रौढांस डेक्सामेथासोन प्रथम ८ मिलिग्रॅम व नंतर दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम देतात. उतरणे अशक्य असल्यास हवेचा दाब वाढविणारी पिशवी वापरतात. औषध हा उतरण्याला पर्याय नव्हे.

समारोप : ३००० मीटरांपुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी. ॲसिटाझोलामाइड वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. सहलीचे वेळापत्रक आखतानाच विश्रांतीचा दिवस राखून ठेवणे, ही विद्यार्थ्यांच्या जीविताची खरी हमी होय.