पाण्यावर फिरणारे जाते

वीज गेली की आपण दळणाचा डबा गिरणीतच ठेवून घरी येतो. पण नुसत्या पाण्यावर चालणारी गिरणी तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली. दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलो होतो. तिथे मामांनी मला पाणचक्की दाखवली.

पाणचक्की खाम नदीकाठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. ती १७४४ च्या सुमारास बांधली. दूर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी तिथे आणले आहे. ते उंच भिंतीवर चढते आणि धबधब्यासारखे हौदात पडते. पाणी वर कसे चढते? मामा म्हणाले, “झरा भिंतीपेक्षाही उंचावर आहे. बंद नळातले पाणी जवळजवळ तेवढ्या उंचीपर्यंत चढते.” घरी येऊन मी रबरी नळीचे एक टोक उंच धरले, दुसरे थोडे खाली, मधली नळी जमिनीवर. वरून तांब्याने पाणी ओतले, तर ते दुसऱ्या टोकातून बाहेर आले! तुम्हीही करून बघा.

आपल्या जात्याची वरची तळी आजी खुंटा धरून फिरवते. पाणचक्कीत खाली पात्यांचे आडवे चाक असते. पाण्याच्या जोराने ते फिरते आणि त्याच्या उभ्या दांड्याने वरची तळी फिरते. वैरण मात्र माणसालाच घालावी लागते. इथल्या पिठाच्या भाकरी यात्रेकरू, फकीर आणि विद्यार्थी खात.

जवळच महमूद दरवाजा आणि खाम नदीवरचा जुना पूल आहे. तो पाहून मला आपल्या सावित्रीवरचा पूल आठवला. इंग्रजांच्या काळातला तो दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात पडला. दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या, पुष्कळ माणसे गेली. मी तेव्हा अगदी लहान होतो. पण अजूनही जोराचा पाऊस लागला आणि बाबा महाडहून यायचे असले, की आई दारातच उभी असते. २०१७ साली तिथे नवीन पूल झाला.

पूर नदीच्या तळाची माती उकरून नेतो. त्यामुळे पुलाचे खांब कमजोर होतात, आणि वरून ते आपल्याला दिसत नाही. नळातले थोडेसे पाणी जड तळी फिरवते, मग पुराच्या पाण्याचा जोर केवढा असेल! म्हणून पुलावर पाणी आले असेल तर कितीही घाई असो, थांबावे. घरी उशिरा पोचलेले चालते.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी