जमेची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानांतून नव्या वह्यांची पूजा होते आणि पाडव्याला त्यांत पहिली नोंद पडते. हिशेबाच्या पानाला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. एकच बाजू भरून कोणी ताळेबंद मांडत नाही. कठीण काळात कृतज्ञता कशी टिकवायची, हा प्रश्न आला की ही वही आठवावी; कारण या विषयावरचा मराठीतला सर्वांत ठळक पुरावा एका वाण्यानेच मागे ठेवला आहे.

तो वाणी म्हणजे देहूचे तुकोबा. घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, देणेघेणे होते. ऐन तारुण्यात आईवडील गेले. पाठोपाठ इ.स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातेवर भयंकर दुष्काळ कोसळला. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पुढे या सर्व आपत्तींकडे वळून पाहताना तुकोबांनी एका प्रसिद्ध अभंगात, हे घडले ते चांगलेच झाले, असा सूर लावला आहे. यांमुळेच आपण विठ्ठलाकडे वळलो, असे ते सांगतात.

हा अभंग अनेकदा सोशिकपणाचा धडा म्हणून सांगितला जातो. नीट वाचला तर त्यात वेगळीच शिस्त दिसते. तुकोबा एकही नुकसान झाकत नाहीत. दिवाळे, दुष्काळ, लोकांतली फजिती या सगळ्यांची नावनिशीवार नोंद होते आणि जमेची बाजू त्यांच्या शेजारीच मांडली जाते. आत्मचरित्रपर असा त्यांचा आणखी एक अभंग आहे. त्यात तर पत्नी अन्नासाठी टाहो फोडत गेल्याचे ते लपवत नाहीत आणि आपल्याला वाटलेली लाजही लपवत नाहीत. दुसरी गोष्ट, हे उद्गार संकट भोगून झाल्यावरचे आहेत. दुष्काळ चालू असताना शेजाऱ्याने येऊन त्यांना ‘चांगलेच झाले’ म्हटले असते, तर ती कृतज्ञता नव्हे, क्रूरता ठरली असती.

शब्दाकडेच पाहू. ‘कृत’ म्हणजे केलेले, ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ आणि केलेल्याचा घात करतो तो कृतघ्न. म्हणजे कृतज्ञता ही मुळात आनंदी राहण्याची सक्ती नाही. ती जाणीव आहे, आणि दुःखात असलेल्या माणसालाही जाणीव असू शकते. ‘आभार’ या शब्दात भार आहे आणि आपण ‘उतराई’ होतो ती ऋणातून. आपल्या भाषेने या भावनेला आधीपासूनच हिशेबाच्या जवळ ठेवले आहे.

आधुनिक मानसशास्त्रही याच वहीपाशी येऊन पोहोचले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. सुमारे दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळला. त्याच अभ्यासाच्या आणखी एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचे विकार असलेली प्रौढ माणसे होती. त्यांनी तीन आठवडे रोज नोंदी केल्या. आजार या लिखाणाने जाणार नव्हता. पण त्यांचे समाधान वाढले आणि झोपही सुधारली. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहिण्याचा आठवडाभराचा प्रयोग तपासला. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला.

म्हणून याला रामबाण समजू नये. २०२१ मध्ये अशा २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य व चिंता यांवरचा परिणाम लहानच निघाला. तेव्हा ज्याला उपचारांची गरज आहे त्याने डॉक्टरांकडेच जावे. वही ही औषधाची जागा घेत नाही. ती फार तर उशाशी असावी.

हे सारे रोजच्या जगण्यात कसे उतरवायचे? माथेरानच्या डोंगरांतून येणाऱ्या गाढी नदीच्या काठचे पनवेल तालुक्यातले आमचे विचुंबे घ्या. जुन्या गावठाणाभोवती इमारती उठल्या आणि कुठूनकुठून आलेली कुटुंबे शेजारी झाली. अशा वस्तीत संकट बहुधा गाजावाजा न करता येते: नोकरी सुटते, घराचा हप्ता थकतो, घरातले कोणी दवाखान्यात पडते. अशा वेळी वहीत आधी नावेची बाजू खरी लिहावी: हप्ता थकला, भीती वाटते, झोप लागत नाही. मग जमेची बाजू. तिथे ‘कुटुंब’, ‘आरोग्य’ असे मोघम शब्द नकोत. कोणी, केव्हा, काय केले ते लिहावे. दवाखान्याच्या धावपळीत खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पाच दिवस डबा पोहोचवला. वाण्याने उधारी लिहून घेतली आणि मागितली नाही. रिक्षावाल्याने रात्री दोन वाजता भाड्यावरून घासाघीस केली नाही. रोज जमले नाही तर आठवड्यातून एकदा लिहिले तरी चालते. अशा नोंदींनी कर्ज फिटत नाही. पण संकटातला माणूस स्वतःला अगदी एकटा समजू लागतो, आणि तो तसा नाही याचा लेखी पुरावा त्याच्या हाती राहतो.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. कृतज्ञतेचा उपदेश तोंड बंद करण्यासाठीही वापरला जातो. मजुरी थकलेल्या कामगाराला ‘काम तरी आहे ना’, मार खाणाऱ्या सुनेला ‘छप्पर तरी आहे ना’. याला कृतज्ञता म्हणत नाहीत. याच पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७६-७७ च्या दुष्काळातली माणसांची दैना पाहून पेटून उठले आणि १८७९ मध्ये त्यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड उभारले. दुष्काळाला दिलेले तेही एक मराठी उत्तर आहे. अन्यायाची नोंद नावेच्या बाजूलाच राहिली पाहिजे; जमेच्या रकमेने ती खोडता येत नाही. शिवाय वही ज्याची त्याने लिहायची असते. दुसऱ्याच्या वहीत आपण जमा दाखवू नये.

शेवटी प्रश्न उरतो फेडीचा. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रात अशी कथा येते, की कर्जखतांची भावाशी वाटणी करून तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ज्याने दुष्काळ भोगला त्याने दुसऱ्या दुष्काळग्रस्तांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. आपल्याकडे सोडून द्यायला खते नसतील. पण डबा परत करताना तो रिकामा देऊ नये, ही रीत आपल्या घरांत आहेच. यंदा पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडाल तेव्हा अवघड वर्षात उपयोगी पडलेल्या एका माणसाचे नाव त्यावर लिहा, आणि भाऊबीजेच्या आत फराळाचा डबा घेऊन त्याच्या दारी जा.