निऱ्यांचें पटल

गृहिणी बटाटा चिरते तेव्हां तिच्या हातीं केवढी गूढ सृष्टि असते, याची कल्पना सहसा येत नाहीं. त्याच्या पेशीपेशींत असंख्य सूक्ष्म कण असून, अन्नांतील शक्ति जीवास वापरतां येईल अशा रूपांत आणण्याचें काम ते अहोरात्र करितात. ग्रीक भाषेंत ‘मिटोस’ म्हणजे धागा व ‘कोंड्रोस’ म्हणजे दाणा. यावरून १८९८ सालीं बेंडा या जर्मन पंडितानें त्यांस मायटोकॉण्ड्रिया हें नांव दिलें. आपला ‘तंतुकणिका’ हा शब्द त्याचाच यथार्थ अनुवाद होय.

साध्या सूक्ष्मदर्शकांतून तंतुकणिका ठिपक्यांसारख्या वा रेघांसारख्या दिसत. त्यांचें अंतरंग प्रकट केलें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें. १९५२-५३ च्या सुमारास पॅलेड व स्योस्ट्रँड यांनीं अत्यंत पातळ छेद घेऊन दाखविलें कीं, तंतुकणिकेस दोन पटलें असतात. बाहेरील गुळगुळीत, आंतील मात्र घडीघडींचें. लांबलचक लुगडें निऱ्या घातल्या म्हणजे कमरेशीं थोड्या जागेंत मावतें, तोच हा न्याय.

परंतु एवढ्या विस्ताराचें प्रयोजन काय? येथें चित्र मुकें होतें. कारण छेद मृत असतो, त्यांत व्यापार दिसत नाहींत. तें कोडें रसायनशास्त्रानें सोडविलें, आणि त्या वाटेवरील एक पाऊल मराठी विदुषीचें आहे. कमला भागवत, पुढें सोहोनी, यांस १९३३ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनीं आग्रह सोडला नाहीं व अटी पत्करून प्रवेश मिळविला. पुढें केंब्रिज येथें बटाट्यावर संशोधन करून वनस्पतींच्या पेशींतहि ‘सायटोक्रोम सी’ असतें, हें त्यांनीं सिद्ध केलें व १९३९ सालीं डॉक्टरेट संपादिली. हें द्रव्य म्हणजे इलेक्ट्रॉन पुढें पोंचविणारा जासूद. त्याचें ठाणें त्या निऱ्यांच्या पटलाशींच आहे. घराचें चित्र निघण्यापूर्वीं तेरा वर्षें रहिवासी ओळखला गेला!

इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासांत मोकळ्या होणाऱ्या शक्तीनें पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन सांठतात, हा सिद्धांत मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडला. आमच्या शहापूर तालुक्यांतील भातसा धरणांत अडविलेल्या पाण्यावर वीज निघते. तद्वत् हे प्रोटॉन पटलांतील सूक्ष्म चक्रांतून परत येतांना ‘एटीपी’ हें शक्तिद्रव्य घडवितात. निऱ्या अधिक, तर चक्रांना जागा अधिक. उंबरमाळीच्या चढावर हंडा वाहणाऱ्या बाईच्या पायांत बळ येतें तें येथूनच.

नैयायिकांनीं प्रत्यक्षाच्या जोडीस अनुमानहि प्रमाण मानिलें, त्याचें मर्म येथें कळतें. आणि शास्त्राची गोडी असलेली मुलगी घरांत असेल, तर तिची वाट अडविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्या बटाट्याची आठवण अवश्य ठेवावी.