टॉवर जवळ असला की रेडिओ का गोंधळतो?



उसाला युरियाचा हप्ता द्यायचा, पाणी सोडायचं की तोड धरायची, हे ठरवताना हवामानाचा अंदाज कानावर असावा लागतो. वळवाच्या वाऱ्यात वीज जाते, मोबाइलची रेंजही जाते. तेव्हा सेलवरचा रेडिओच कामाला येतो. म्हणून तो नीट लागला पाहिजे.

बीड आकाशवाणी एफएमवर १०२.९ मेगाहर्ट्झला लागते आणि नगरची (आताचे अहिल्यानगर) १००.१ ला. बीडच्या टॉवरजवळ वस्ती असेल, तर काटा नगरवर नेला तरी बीडच ऐकू येण्याची शक्यता असते. यात ना स्टेशनचा दोष, ना रेडिओ बिघडलेला.

कारण सोपं आहे. सरीत मावेल त्यापेक्षा जास्त पाणी सोडलं की वरंबा फुटतो अन् पाणी शेजारच्या सरीत शिरतं. रेडिओचंही तसंच. मोकळ्या जागेत २० किलोमीटरवर जेवढी शक्ती पोचते, त्याच्या १०० पट २ किलोमीटरवर पोचते. रेडिओचा पहिला भाग तिनं तुंबतो आणि बारीक स्टेशन दबून जातं.

आधी ओळखा. एरियल निम्मी आत ढकला. नको असलेलं स्टेशन हटलं, तर दोष जास्त जोराचा. मात्र नुसती टकटक किंवा गुरगुर येत असेल, तर झटका मशीन अथवा मोटार बंद करून पाहा.

मग उपाय करा.

१) एरियल पूर्ण ओढू नका, तिला जादा तारही जोडू नका. इथं जास्त म्हणजे चांगलं नव्हे.

२) रेडिओवर 'लोकल-डीएक्स' बटण असेल, तर ते लोकलवर ठेवा.

३) जागा बदला. ही लहर सुमारे ३ मीटर लांबीची असते. हात-दोन हात सरकवूनही फरक पडतो. टॉवरच्या बाजूला भिंत किंवा पत्रे आड घ्या.

४) दूरचं स्टेशन हवंच असेल, तर दोन्हीकडे ७१-७१ सेंटिमीटरची आडवी एरियल करा. तिच्या टोकांच्या दिशेनं सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून टोक टॉवरकडे करा. नगर बीडच्या पश्चिमेला आहे. तुमचं रान टॉवरच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल, तर हा उपाय चांगला लागू पडतो. पूर्व-पश्चिमेला असेल, तर फारसा नाही.

मध्यम लहरींच्या रेडिओत एरियल आतल्या काळ्या कांडीवर असते. तिथं अख्खा रेडिओच सावकाश फिरवा. कांडीचं टोक टॉवरकडे आलं की तो आवाज पडतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. छपरावर तार नेली असेल, तर ढग भरून येण्याआधीच ती रेडिओपासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावू नका.

यातल्या पहिल्या तीन उपायांना पैसा लागत नाही. पावसाळ्याआधीच करून पाहा.

— ऊस विकास अधिकारी