हॅकेथॉन : प्रश्नाची निवड आणि पाठपुरावा

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत 'हॅकेथॉन' हा शब्द स्नेहसंमेलन व क्रीडामहोत्सव यांच्या पंक्तीला येऊन बसला आहे. ठरावीक मुदतीत लहान लहान गटांनी एकत्र बसून एखाद्या समस्येवर चालू शकेल असे नमुनारूप उत्तर तयार करणे, हे या उपक्रमाचे सर्वसाधारण स्वरूप होय. मुदत बहुधा २४ ते ४८ तासांची असते. या मुदतीत जे घडते त्याचे कौतुक पुष्कळ होते. मात्र तो प्रश्न मुळात कोणी व कसा शोधला, आणि मुदत संपल्यावर नमुन्याचे पुढे काय झाले, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हॅकेथॉनचे शैक्षणिक व संशोधनविषयक मूल्य मुख्यत्वे या दोन गोष्टींवर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

संज्ञा व उगम

'हॅक' आणि 'मॅरेथॉन' या दोन शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा तयार झाली. येथे 'हॅक' म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात केलेली घुसखोरी नव्हे, तर कल्पकतेने चटकन काढलेला मार्ग. जून १९९९ मध्ये 'ओपनबीएसडी' या मुक्त संगणकप्रणालीवर काम करणारे सुमारे दहा जण कॅनडातील कॅलगरी येथे जमले होते. माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवणाऱ्या आज्ञावलींवर अमेरिकेच्या कायद्याने निर्यातीचे निर्बंध होते. ती कायदेशीर अडचण टाळून काम करता यावे म्हणून अमेरिकेबाहेरचे ठिकाण निवडण्यात आले. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या परिषदेतही उपस्थितांना जावा भाषेत 'पाम' या हातातील संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे आव्हान देण्यात आले आणि तेथेही हाच शब्द वापरला गेला. पहिल्या प्रसंगी अडचण आधी होती व मेळावा नंतर भरला. दुसऱ्या प्रसंगी मेळावा आधी ठरला व आव्हान त्यात घातले गेले. आजही हॅकेथॉनचे हे दोन प्रकार दिसतात. त्यांतील दुसरा अधिक प्रचलित आहे, हे वेगळे सांगावयास नको.

संशोधनाच्या क्षेत्रात पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण जपानमध्ये आढळते. जीवशास्त्रातील निरनिराळे माहितीसंच वेगवेगळ्या पद्धतींनी साठविलेले असल्यामुळे ते परस्परांशी जोडता येत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी तेथे २००८ पासून 'बायोहॅकेथॉन' भरविण्यात येऊ लागले. तेथील कामाचे वृत्तान्त शोधनिबंधांच्या रूपाने प्रसिद्ध झाले असून एका वर्षीचे अपुरे काम पुढील वर्षी हाती घेण्याची सोय त्यामुळे झाली.

नाशिकचा अनुभव

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नाशिकच्या 'कुंभथॉन'चा विचार अधिक तपशिलाने करणे आवश्यक आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ पर्वणीच्या वेळी नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. पुढील सिंहस्थ २०१५ मध्ये येणार होता. मूळचे नाशिकचे व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून नाशिकमध्ये नवनिर्मितीची शिबिरे भरविण्यात आली. विद्यार्थी, स्थानिक व्यावसायिक व परदेशांतील संशोधक त्यांत सहभागी झाले. साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणे, यात्रेकरूंचा तात्पुरता निवारा, गर्दीचे नियमन असे विषय चर्चेला होते. हे विषय कोणत्याही स्पर्धेच्या पुस्तिकेतून आलेले नव्हते, गावाने ते सोसलेले होते.

यातून पुढे आलेला एक प्रकल्प म्हणजे 'आशियोतो'. या जपानी शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. नाशिकच्याच एका शाळकरी विद्यार्थ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाब ओळखणाऱ्या संवेदकांची चटई तयार केली. तिच्यावरून चालणाऱ्यांची मोजणी होऊन ती माहिती संगणकाकडे जात असे. कल्पना दिसावयास साधी आहे, परंतु तिच्यामागील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. गर्दी धोकादायक ठरते ती केवळ एकूण संख्येमुळे नव्हे. एखाद्या अरुंद वाटेत शिरणारे लोक बाहेर पडणाऱ्यांपेक्षा सतत अधिक राहिले की धोका निर्माण होतो. मोबाइल संचांच्या संख्येवरून अंदाज बांधावा, तर अनेक भाविकांजवळ संच नसतो आणि काहींजवळ दोन असतात. पावले मात्र प्रत्येकाची पडतात. २०१५ च्या सिंहस्थात या चटईने सुमारे पाच लाख व्यक्तींची मोजणी केली. त्या वर्षी नाशिकमध्ये चेंगराचेंगरी झाली नाही. याचे श्रेय चटईला देणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल, कारण पोलीस व प्रशासन यांची तयारीही मोठी होती.

येथे काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. हे काम एका रात्रीत झालेले नाही. एकामागून एक शिबिरे झाली, मधल्या काळात नमुने बिघडले व सुधारले गेले, आणि सर्वांसमोर पर्वणीची अटळ तारीख होती. परीक्षकांनी दिलेल्या गुणांपेक्षा ही तारीख अधिक कठोर परीक्षक होती. २०१५ मध्येच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने नाशिकमध्ये 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र सुरू झाले व शिबिरांतील कामाला कायमची जागा मिळाली.

मुदतीनंतर काय होते?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हॅकेथॉनमधील प्रकल्पांच्या सार्वजनिक आज्ञावली तपासण्यात आल्या. या प्रकल्पांतील केवळ ९ टक्क्यांच्या आसपास आज्ञावली प्रत्यक्ष स्पर्धेच्या काळात लिहिलेली आढळली. उरलेल्यातील बराच भाग इतरांच्या तयार संग्रहांतून घेतलेला होता. यात गैर काही नाही. उपलब्ध साधने नेमकी निवडून जोडणे हेही कौशल्यच आहे. स्पर्धेत लिहिलेल्या आज्ञावलीपैकी सुमारे एक तृतीयांश भाग पुढे इतर प्रकल्पांत वापरला गेला, हा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. जे खुलेपणाने जतन करून ठेवले जाते, ते कोणाच्या तरी उपयोगी पडते. संगणकाच्या कप्प्यात राहिलेले काम मात्र प्रमाणपत्राबरोबरच संपते.

अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्याकडे २०१७ मध्ये 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' सुरू झाले. केंद्रीय मंत्रालयांनी स्वतःच्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडाव्यात, हे त्याचे वैशिष्ट्य. संगणक-आज्ञावलींच्या विभागाची अंतिम फेरी ३६ तासांची असते. सहा जणांच्या गटात किमान एक विद्यार्थिनी असावी, असा नियम आहे. नियम स्तुत्य आहे, परंतु त्याची परिणती पुष्कळदा नेमक्या एकाच विद्यार्थिनीत होते, आणि सादरीकरणाचे काम तिच्याकडे सोपविले जाते. रात्रभर थांबावयाचे, परराज्यातील केंद्रावर जावयाचे, म्हटल्यावर घरची परवानगी हाच पहिला अडथळा ठरतो. अहोरात्र जागरणाने शिक्षण अधिक सखोल होते, असे मानण्यास आधार नाही. तेच तास चार शनिवारांत विभागले तर मधल्या दिवसांत विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहता येते. बाजार समितीच्या वजनकाट्याविषयी उपाय सुचविणाऱ्या गटाने हमालांशी एकदा तरी बोलले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

महाविद्यालयांना यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. समस्या देणारी व्यक्ती किंवा कार्यालय कोणते, याची नोंद आरंभीच करावी व सहा महिन्यांनी त्यांच्याकडे नमुना पुन्हा न्यावा. निवडलेल्या कामाला अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा दर्जा द्यावा. बौद्धिक संपदेचा हक्क विद्यार्थ्यांचा, महाविद्यालयाचा की पुरस्कर्त्याचा, हे स्पर्धेपूर्वीच लेखी ठरवावे. नंतर ते मिटविणे कठीण जाते. फसलेल्या नमुन्यांचीही टिपणे ठेवावीत. नाशिकचा पुढील सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत आहे. २०१५ मध्ये ज्यांनी गर्दी मोजली ते विद्यार्थी आता नोकरी-व्यवसायात आहेत. आजच्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न हाती घ्यावयाचा असेल, तर कोणत्या वाटेवर, किती वाजता, किती माणसे आली याच्या त्या नोंदी त्याला आपल्या ग्रंथालयात मागता आल्या पाहिजेत.